नवा सभासद : स्वागत आणि सहभाग
(व्यावसायिक संघटनांच्या कार्याविषयी एक अभ्यास)

आपल्याकडे अभियंते, डॉक्टर, वकील, प्राध्यापक, लेखापाल, बँक व विमा क्षेत्रातील अधिकारी अशा निरनिराळ्या व्यावसायिकांच्या संघटना अनेक ठिकाणी काम करीत आहेत. त्यांपैकी कोणत्याही संघटनेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेस आपण हजर राहिलो, तर एक दृश्य बहुधा सारखेच दिसते. पुढच्या रांगांत निवृत्तीच्या वयाकडे झुकलेली तीच ती मंडळी बसलेली असतात. मागच्या रांगेत चार-दोन तरुण असतात. त्यांतले निम्मे चहापानानंतर दिसत नाहीत. अध्यक्षीय भाषणात "तरुणांनी पुढे यावे" हे वाक्य दरवर्षी उच्चारले जाते, टाळ्याही पडतात, आणि पुढच्या वर्षी तेच वाक्य पुन्हा उच्चारावे लागते.

तरुण पुढे का येत नाहीत, हा प्रश्न विचारण्यापूर्वी आपण दुसरा एक प्रश्न स्वतःस विचारला पाहिजे. जे आले होते, ते परत का गेले? प्रस्तुत लेखात आम्ही या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करणार आहोत. कारण पहिल्या प्रश्नाचे उत्तर तरुणांपाशी असेल, पण दुसऱ्याचे उत्तर बरेचसे आपल्या संघटनेपाशीच आहे.

१. संघटना कोणाला अधिक हवी असते?

व्यावसायिक संघटना म्हणजे एकाच व्यवसायातील लोकांनी आपल्या व्यवसायाचे ज्ञान, दर्जा, सचोटी व परस्पर साहाय्य यांसाठी चालवलेली संस्था. कामगार संघटना मुख्यतः मालकाशी वेतन व सेवाशर्तींबाबत बोलणी करते. व्यावसायिक संघटनेचे मुख्य काम सभासदाला त्याच्या व्यवसायात अधिक जाणता करणे हे आहे. नवे कायदे, नवी तंत्रे, व्याख्याने, ग्रंथालय, ओळखी, अडचणीच्या वेळी सल्ला, हे सारे या कामात येते.

आता एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्याचे वडील वकील आहेत, त्या तरुण वकिलाला पुष्कळशा गोष्टी घरीच कळतात. अशिलाशी कसे बोलावे, फी कशी सांगावी, कोणत्या न्यायालयात कोणती पद्धत चालते, कोणाकडे उमेदवारी करावी, हे तो जेवता जेवता ऐकत असतो. डॉक्टरांच्या घरातील मुलीला दवाखाना कुठे उघडावा, यंत्रसामग्रीसाठी कर्ज कसे मिळते, याची माहिती अनायासे होते. परंतु ज्याच्या घराण्यात तो स्वतःच पहिला पदवीधर आहे, ज्याची आई शेतमजुरी करते किंवा ज्याचे वडील गिरणीत होते, त्याला हे कोण सांगणार? महाविद्यालय पदवी देते, पण व्यवसायाच्या चालीरीती शिकवीत नाही. त्या शिकवण्याचे दुसरे ठिकाण म्हणजे संघटना होय.

म्हणून आमचे असे मत आहे की, वारसा असलेल्याला संघटना ही सोय असते, तर वारसा नसलेल्याला ती गरज असते. संघटनेच्या दारातून असा तरुण परत गेला, तर संघटनेची एक वर्गणी कमी होते एवढेच होत नाही. त्या तरुणाच्या उमेदीची चार-पाच वर्षे चाचपडण्यात जातात.

२. इतिहासाची साक्ष

व्यावसायिक संघटना ही ज्येष्ठांची आणि तरुण हे तिथले पाहुणे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

स्थापत्य अभियंत्यांची लंडन येथील 'इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स' ही जगातील एक अत्यंत जुनी व नामांकित व्यावसायिक संस्था आहे. ती २ जानेवारी १८१८ रोजी लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील एका कॉफीगृहात स्थापन झाली. स्थापन करणारे बहुतेक तरुण होते. त्यांत पुढाकार घेणारा हेन्री रॉबिन्सन पामर हाही तरुणच होता. त्या काळी अभियंत्यांसाठी आजच्यासारखी महाविद्यालये नव्हती. एखाद्या जाणत्या अभियंत्याच्या हाताखाली उमेदवारी करून जे मिळेल तेवढेच ज्ञान. आपसांत भेटून, एकमेकांचे अनुभव ऐकून ज्ञान वाढवावे, असा या तरुणांचा साधा हेतू होता.

पहिली दोन वर्षे संस्था फारशी वाढली नाही. तेव्हा या तरुणांनी १८२० मध्ये थॉमस टेलफर्ड यांना अध्यक्ष होण्याची विनंती केली. टेलफर्ड त्या वेळी ६२ वर्षांचे होते व पूल, कालवे आणि रस्ते बांधणारे अभियंते म्हणून त्यांची कीर्ती सर्वत्र झालेली होती. ते मेंढपाळाचे पुत्र. वडील त्यांच्या लहानपणीच वारले. पुढे त्यांनी पाथरवटाकडे उमेदवारी केली आणि तेथून स्वतःच्या कष्टाने ते वर चढले. म्हणजे त्यांच्याही घरी अभियांत्रिकीचा वारसा नव्हता.

टेलफर्ड यांनी केवळ नाव दिले नाही. सभासदांनी आपापल्या कामांची माहिती लिहून आणावी, ती सभेत वाचली जावी, तिच्यावर चर्चा व्हावी आणि चर्चेची नोंद राहावी, ही शिस्त त्यांच्या काळात रुजली. संस्थेला त्यांनी पुस्तके दिली आणि मृत्यूनंतरही तिच्यासाठी रक्कम ठेवली. १८२८ मध्ये संस्थेला राजाची सनद मिळाली.

या हकिकतीत आपल्यासाठी दोन गोष्टी आहेत. पहिली, संघटना तरुणांनी काढली आणि ज्येष्ठाला बोलावले. ज्येष्ठानेही तरुणांचे काम आपलेसे केले. दुसरी, नव्या सभासदाला तेथे पहिल्यापासून एक निश्चित काम होते. आपल्या हातचे काम लिहून आणायचे आणि सर्वांपुढे मांडायचे. श्रोता म्हणून बसून राहण्यासाठी कोणालाही बोलावलेले नव्हते.

३. नवा सभासद का टिकत नाही?

वर्गणी परवडत नाही, वेळ नाही, बदली झाली, ही कारणे नेहमी सांगितली जातात. ती खोटी नाहीत. नोकरीच्या पहिल्या वर्षांत शिक्षणाचे कर्ज, घरी पाठवायचे पैसे, धाकट्या भावंडांची फी यांचा भार असतो. वर्गणी विद्यार्थ्यांना व नव्या पदवीधरांना कमी ठेवणे हा यावरचा सोपा उपाय आहे. परंतु कमी वर्गणीच्या संघटनांतूनही तरुण निघून जातात. तेव्हा कारणे आणखी खोल असली पाहिजेत. ती आम्हास पुढीलप्रमाणे वाटतात.

(अ) स्वागत होते, ओळख होत नाही. नव्या सभासदाला गुलाबपुष्प देतात, त्याचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारतात. आजकाल त्याला व्हॉट्सॲपच्या गटातही घेतात. त्यानंतर त्याच्याशी स्वतंत्रपणे कोणी बोलत नाही. तो काय करतो, कोठे राहतो, त्याला काय हवे आहे, हे वर्ष संपले तरी कोणास ठाऊक नसते.

(आ) काम दिले जाते, पण कशासाठी ते कळत नाही. सतरंज्या घालणे, खुर्च्या मांडणे, पाहुण्यांना स्थानकावरून आणणे, स्मरणिकेसाठी जाहिराती गोळा करणे, एवढेच त्याच्या वाट्यास येते. या कामांत कमीपणा मुळीच नाही. ती सर्वांनीच करावीत. परंतु पाच वर्षे खुर्च्या मांडूनही संघटना कशी चालते हे समजत नाही.

(इ) प्रश्न विचारण्याचा संकोच. पहिल्या पिढीच्या व्यावसायिकाला आपल्याला काय ठाऊक नाही हेसुद्धा ठाऊक नसते. इंग्रजीतून चाललेल्या चर्चेत तोंड उघडले तर हसतील, अशी धास्ती असते. काही ठिकाणी नाव सांगताच पुढचा प्रश्न आडनाव व गाव यांविषयी येतो. तो कशासाठी विचारला हे ऐकणाऱ्यास बरोबर कळते. असा तरुण दुसऱ्या सभेस येत नाही आणि न येण्याचे कारणही सांगत नाही.

(ई) महिला सभासदांचा विचार होत नाही. सभा रात्री आठला सुरू होऊन अकराला संपत असेल, तर तरुण महिला डॉक्टर अथवा अभियंता तेथे कशी येणार? आलीच, तर स्वागतगीत, सूत्रसंचालन व रांगोळी ही कामे तिच्याकडे जातात. हिशेब, पत्रव्यवहार व शिष्टमंडळ ही कामे मात्र पुरुषांकडे राहतात.

व्यवसायाने दार न उघडणे म्हणजे काय, याचे आपल्या इतिहासातील उदाहरण सर्वांस माहीत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२२ मध्ये लंडनच्या ग्रेज इन या संस्थेतून बॅरिस्टर झाले आणि १९२३ मध्ये त्यांनी मुंबईस वकिली सुरू केली. सनद घेण्यासाठीही जवळ पैसे नव्हते. त्यांचे मित्र नवल भथेना यांनी ती अडचण दूर केली. उच्च न्यायालयात बॅरिस्टरला काम मिळे ते सॉलिसिटरांच्या मार्फत, आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या बॅरिस्टरकडे काम देण्यास सॉलिसिटर तयार नसत. इतक्या विद्वान माणसालाही पहिली वर्षे खालच्या न्यायालयांतील व बाहेरगावच्या कामांवर काढावी लागली. १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या लेखाशास्त्र प्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकवून त्यांनी उत्पन्नास जोड दिली. ज्ञानात काहीच उणे नव्हते. उणे होते ते व्यवसायात हात देणारे कोणी. आज कायद्याने दारे उघडी आहेत. पण दार उघडे असणे आणि आत कोणी "या, बसा" म्हणणारे असणे, यांत अंतर आहे. ते अंतर संघटनेने भरून काढावयाचे आहे.

४. कोणते काम द्यावे?

"नव्या मुलांना काम द्या" असे सर्वच म्हणतात. पण कोणते काम, हा खरा मुद्दा आहे. या बाबतीत जीन लेव्ह व एटिएन वेंगर या दोन अभ्यासकांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाचा आपणास फार उपयोग होण्यासारखा आहे. माणूस एखादा व्यवसाय प्रत्यक्षात कसा शिकतो, हे पाहण्यासाठी त्यांनी निरनिराळ्या ठिकाणच्या उमेदवारांच्या अभ्यासांची तुलना केली. त्यांतील दोन उदाहरणे आम्ही येथे देतो.

पहिले उदाहरण पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया देशातील शिंप्यांचे. तेथे नवा मुलगा उस्तादाकडे आला म्हणजे त्याला प्रथम बटणे लावण्याचे व तुरपाईचे काम देतात. त्यानंतर तो शिलाई शिकतो आणि सर्वांत शेवटी कापड बेतणे शिकतो. म्हणजे कपडा ज्या क्रमाने तयार होतो, त्याच्या उलट क्रमाने शिक्षण होते. यात शहाणपण आहे. तुरपाई करणाऱ्याच्या हातात जवळजवळ पूर्ण झालेला कपडा असतो. तो उलटापालटा करताना कपड्याचे तुकडे कसे जोडले आहेत हे त्याला दिसते. शिवाय तुरपाई चुकली तर ती उसवता येते; कापड चुकीचे कापले तर ते वाया जाते. काम लहान, नुकसानीचा धोका कमी, आणि संपूर्ण वस्तू डोळ्यांपुढे, असा हा क्रम आहे.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील मोठ्या दुकानांमधील मांस विभागाचे. तेथेही उमेदवार ठेवले जात. पण त्यांना कापलेले मांस वेष्टनात गुंडाळण्याच्या कामावर बसवत, आणि ही जागा जेथे जाणते कारागीर मांस कापीत तेथून दूर असे. गुंडाळणारा उमेदवार दिवसभर राबत असे, परंतु कसे कापतात हे त्याच्या दृष्टीसच पडत नसे. साहजिकच महिनोन्महिने काम करूनही तो त्या धंद्यात पुढे सरकत नसे.

दोन्ही ठिकाणी उमेदवाराला लहान कामच दिले होते. फरक एवढाच की, एका ठिकाणी त्या कामातून सगळा व्यवसाय दिसत होता आणि दुसऱ्या ठिकाणी दिसत नव्हता. हीच कसोटी आपण आपल्या संघटनेला लावावी. नव्या सभासदास काम लहान द्यावे, पण ते असे असावे की त्यातून संघटनेचा सगळा कारभार त्याच्या नजरेखालून जाईल.

अशी कामे कोणती? आम्हास सर्वांत उत्तम वाटते ते सभेचे इतिवृत्त लिहिण्याचे. चिटणीसांच्या शेजारी बसून नव्या सभासदाने कच्चे टिपण करावे, चिटणीसांनी ते तपासावे, आणि पुढच्या सभेत ते वाचून कायम करावे. तीन सभांचे इतिवृत्त लिहिले की कोण काय म्हणतो, मतभेद कोठे आहेत, ठराव कसा मांडतात, पैसा कोठून येतो आणि कोठे जातो, हे सारे त्याला कळते. चूक झाली तर ती खोडता येते. दुसरे काम खजिनदारांसोबत पावत्या व व्हाउचरे लावण्याचे. तिसरे, शासनाकडे अथवा विद्यापीठाकडे जाणाऱ्या शिष्टमंडळाबरोबर जाऊन निवेदनाचा मसुदा तयार करण्याचे. चौथे, व्याख्यानासाठी वक्ता ठरवण्यापासून त्याच्या भाषणाचा सारांश लिहिण्यापर्यंतची संपूर्ण जबाबदारी.

कायद्याची कामेही यात येतात. महाराष्ट्रात नोंदलेल्या सार्वजनिक न्यासाची विश्वस्त मंडळी बदलली, तर तो बदल १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयास कळवावा लागतो. अनेक संस्थांची ही कामे वर्षानुवर्षे तुंबलेली असतात, कारण ती एकाच वृद्ध पदाधिकाऱ्याला ठाऊक असतात. तरुण वकील सभासदाने त्यांच्याबरोबर एकदा हा अर्ज भरला, तर संस्थेचे काम होते आणि त्याच्या व्यवसायातही भर पडते.

५. इतर संस्थांनी काय केले?

मोठ्या व्यावसायिक संस्थांनी या प्रश्नावर निरनिराळे उपाय योजले आहेत. आपण ते जसेच्या तसे उचलावेत असे नाही, पण त्यामागचा विचार समजून घ्यावा.

अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने १९०२ पासूनच महाविद्यालयांत विद्यार्थी शाखांना मान्यता देण्यास प्रारंभ केला. तिचे आजचे रूप म्हणजे आय-ट्रिपल-ई ही जगभर पसरलेली संस्था. विद्यार्थी असताना सभासद झालेले पदवीनंतर गळून पडतात, हे लक्षात घेऊन या संस्थेने १९९६ मध्ये पदवीनंतरच्या पहिल्या दहा वर्षांतील सभासदांसाठी स्वतंत्र उपक्रम सुरू केला. आज तो 'यंग प्रोफेशनल्स' या नावाने ओळखला जातो. गळती सर्वांत जास्त कोठे होते हे शोधून तेथेच आधार द्यावयाचा, हा यातील विचार आहे. आपल्याकडेही शेवटच्या परीक्षेपासून पहिली नोकरी स्थिर होईपर्यंतचा काळ हाच नाजूक असतो.

आपल्या देशातील सनदी लेखापालांची संस्था १९४९ च्या कायद्याने १ जुलै १९४९ रोजी अस्तित्वात आली. तेथे आर्टिकलशिप म्हणजे जाणत्या लेखापालाच्या हाताखालील उमेदवारी सक्तीची आहे. पूर्वी ती तीन वर्षांची होती, २०२३ च्या योजनेनुसार दोन वर्षांची झाली. संस्थेच्या पश्चिम विभागात विद्यार्थ्यांची स्वतंत्र संघटना आहे आणि तिच्या समितीत विद्यार्थीच काम करतात. म्हणजे सभासदत्व मिळण्याच्या आधीच कारभाराची सवय होते. इंग्लंडमध्ये एके काळी उमेदवाराच्या घरच्यांनाच मालकाला मोठी रक्कम द्यावी लागत असे. त्यामुळे गरिबाच्या मुलाला हा व्यवसाय बंदच होता. आज उलट उमेदवाराला मानधन मिळते. पैशाची अट काढली की कोण कोण आत येऊ शकते, हे यावरून दिसते.

वकिलांच्या बाबतीत बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरी भागात दरमहा किमान २०,००० रुपये व ग्रामीण भागात १५,००० रुपये मानधन द्यावे, अशी शिफारस केली. ही शिफारस आहे, सक्ती नाही. त्यामुळे तिचा पाठपुरावा करणे हे स्थानिक वकील संघटनांचे काम ठरते. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन मेडिकल असोसिएशननेही वैद्यकीय विद्यार्थी व कनिष्ठ डॉक्टर यांच्यासाठी स्वतंत्र विभाग केले आहेत. १९२० मध्ये स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया) या संस्थेच्या विद्यार्थी शाखा अभियांत्रिकी महाविद्यालयांत आहेत. आपल्या विद्यार्थ्यांनी या मोठ्या संस्थांचेही सभासद अवश्य व्हावे. आपली लहान संघटना त्यांना तेथपर्यंत पोहोचवणारी पायरी झाली, तर ते तिचे यशच होय.

६. पहिल्या वर्षाची आखणी

नवा सभासद राहणार की जाणार हे बहुधा पहिल्या वर्षातच ठरते. म्हणून पहिल्या वर्षासाठी आम्ही पुढील साधी योजना सुचवितो. तिला फारसा पैसा लागत नाही.

पहिला आठवडा. वर्गणीची पावती, संस्थेच्या घटनेची प्रत व पदाधिकाऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक सभासदाच्या हाती द्यावेत. एका पदाधिकाऱ्याने त्याच्याशी किंवा तिच्याशी स्वतः बोलावे आणि शिक्षण, नोकरी, राहण्याचे ठिकाण, आवड व अडचण यांची वहीत नोंद करावी.

पहिला महिना. एक सोबती नेमून द्यावा. तो फार ज्येष्ठ नसावा. पाच-सात वर्षांनी पुढे असलेला पुरे. साठ वर्षांच्या मुख्य अभियंत्याला जे विचारण्यास संकोच वाटतो, ते पस्तिशीच्या दादाला किंवा ताईला सहज विचारता येते. महिन्यातून एकदा भेट किंवा फोन, एवढेच सोबत्याचे कर्तव्य. नाव मात्र निश्चित असावे. "काही लागले तर आम्ही सर्व आहोत" या वाक्याचा अर्थ प्रत्यक्षात कोणीही नाही असा होतो.

दुसरा ते सहावा महिना. कार्यकारिणीच्या सभेस श्रोता म्हणून बोलवावे व वर सांगितलेल्या कामांपैकी एक काम जोडीने द्यावे.

सातवा ते नववा महिना. स्वतःच्या व्यवसायातील एका विषयावर वीस मिनिटे मांडणी करावयास सांगावी. मराठीतून बोलण्याची पूर्ण मोकळीक असावी. ऐकणाऱ्यांनी आधी प्रश्न विचारावेत आणि सूचना नंतर कराव्यात. कनिष्ठाचा पाणउतारा होणार नाही, ही जबाबदारी सभाध्यक्षांची.

दहावा ते बारावा महिना. त्याने केलेल्या कामाची नोंद वार्षिक अहवालात त्याच्या नावानिशी करावी. वर्ष संपताना त्याला विचारावे की, येथे काय मिळाले, काय मिळाले नाही, आणि पुढील वर्षी कोणते काम घ्याल? उत्तर लिहून ठेवावे.

बदली झाल्यास सभासदत्व संपले असे समजू नये. नव्या गावातील शाखेला किंवा ओळखीच्या सभासदाला पत्र द्यावे. सभेची वेळ व जागा महिलांना विचारून ठरवावी. बसथांब्याजवळ, दिवसाउजेडी किंवा संध्याकाळी लवकर. सभा वेळेवर सुरू करून वेळेवर संपवणे हाही नव्या सभासदाचा मान राखण्याचाच प्रकार आहे.

७. ज्येष्ठांची शंका

काही ज्येष्ठ सभासद विचारतात, "आम्ही पोटाला चिमटा काढून ही संघटना उभी केली. अनुभव नसलेल्यांच्या हाती कारभार दिला आणि हिशेब बिघडला, तर जबाबदार कोण?" ही शंका योग्य आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. ज्यांनी नोकरी सांभाळून, रजा खर्ची घालून, सायकलीवर फिरून वर्गण्या जमवल्या, त्यांना संस्थेविषयी काळजी वाटणारच.

परंतु जबाबदारी देणे म्हणजे सर्व सत्ता सोपवणे नव्हे. धनादेशावर ज्येष्ठांची सही राहू द्यावी आणि हिशेब मात्र तरुणाने लिहावा. १९२४ च्या जुलै महिन्यात मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, तेव्हा तिचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते. आणि कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष होते ३३ वर्षांचे डॉ. आंबेडकर. ज्येष्ठांचे नाव व अनुभव वर आणि प्रत्यक्ष कार्याची धुरा तरुणाकडे, अशी ती रचना होती. या सभेने १९२५ मध्ये सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह उघडले. तेथील विद्यार्थी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक चालवीत असत. वसतिगृहात राहणाऱ्या मुलांवर मासिकाचे काम सोपवले गेले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आमची सूचना अशी की, प्रत्येक संघटनेने आपल्या घटनेत दुरुस्ती करून कार्यकारिणीत निदान दोन जागा ३५ वर्षांखालील सभासदांसाठी ठेवाव्यात आणि त्यांतील एक महिला असावी. त्यांना मताचा अधिकार असावा. 'निमंत्रित' म्हणून मागे बसवू नये. ज्या पदाधिकाऱ्याने तीन वर्षांत आपले काम कोणालाच शिकवले नाही, त्याने संस्थेची सेवा केली असली तरी ती अर्धीच झाली असे आम्ही समजतो.

८. तरुण सभासदांना दोन शब्द

तरुण मित्रांनो आणि भगिनींनो, सगळा दोष ज्येष्ठांच्या माथी मारून चालणार नाही. नोकरी लागेपर्यंत संघटनेची माहितीपत्रके वाचावयाची आणि नेमणुकीचे पत्र हाती पडले की फोन उचलावयाचा नाही, असेही घडते. संघटना आपल्याला काय देते, असे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. पण तो प्रश्न विचारण्यासाठी निदान चार सभांना यावे लागते.

घेतलेले काम पुरे करा. जमणार नसेल तर आधी सांगा. जुनी इतिवृत्ते वाचा. आज तुम्हाला सुचलेली कल्पना वीस वर्षांपूर्वी कोणी करून पाहिली असेल, तर ती का फसली हे त्यात सापडेल. संगणक व भ्रमणध्वनीची साधने तुम्हाला चांगली येतात, ती ज्येष्ठांना न कंटाळता शिकवा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तुमच्या मागून येणाऱ्या एका विद्यार्थ्याचे सोबती व्हा. अर्ज कसा भरावा, मुलाखतीस काय घालावे, पहिल्या पगाराच्या चिठ्ठीतील कपाती कशाच्या असतात, एवढे सांगण्यास तुमचा एक वर्षाचा अनुभव पुरेसा आहे. तुमच्या घरी हे सांगणारे कोणी नव्हते. त्याच्याही घरी नसेल.

समारोप

सारांश, नव्या सभासदाचे स्वागत म्हणजे त्याला नावाने ओळखणारा एक सोबती देणे आणि ज्यातून सर्व कारभार दिसेल असे एक लहान काम देणे. वर्गणीची सवलत, सभेची वेळ, घटनेतील जागा या गोष्टी त्याला पूरक आहेत. मोठे अधिवेशन भरवण्याइतका खर्च याला येत नाही. लागते ती वर्षभराची चिकाटी. पुढील सर्वसाधारण सभेपूर्वी प्रत्येक संघटनेने आपल्या सभासदांची यादी काढावी, गेल्या तीन वर्षांत आलेले कोण आज दिसत नाहीत ते पाहावे, आणि त्यांतील प्रत्येकाला एकेक फोन करावा. कामाची सुरुवात तेथूनच करता येईल.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. वारसा असलेला व नसलेला व्यावसायिक यांच्या संघटनेविषयीच्या गरजांत कोणता फरक आहे? आपल्या व्यवसायातील उदाहरण देऊन सांगा.

२. १८१८ ते १८२८ या काळातील लंडनच्या संस्थेच्या वाढीत तरुणांचा व ज्येष्ठांचा वाटा कोणता होता?

३. शिंपी व मांस विभागातील उमेदवार यांच्या शिक्षणातील फरक कोणता? आपल्या संघटनेत नव्या सभासदांना दिली जाणारी कामे या कसोटीवर तपासून पाहा.

४. आपल्या संघटनेच्या सभेची वेळ, जागा व भाषा यांमुळे कोण येऊ शकत नाही? दोन व्यवहार्य बदल सुचवा.

५. आपल्या संघटनेत केवळ एकाच व्यक्तीला येणारी कामे कोणती आहेत? ती शिकण्यासाठी प्रत्येकी एका तरुण सभासदाचे नाव ठरवा.